दिवाणाखालचा गालिचा: ग्वाल्हेरच्या लष्करातल्या एका घराचं प्रकरण

मागच्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी आत्याचा फोन आला, दिवाळीची साफसफाई काढलीय, दिवाण हलवायचाय, दोन माणसं घेऊन ये. आत्याचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या आतल्या गल्लीत, दगडी जोत्याचं जुनं घर, बैठकीला उंच छत आणि वर भिंतीत झरोके. त्या बैठकीत एक लाल गालिचा अंथरलेला आहे, सहा बाय नऊ फुटांचा, काठाला गडद निळी वेल. घरात सगळे त्याला जेलचा गालिचा म्हणतात, कारण ग्वाल्हेरच्या जेलात कैदी गालिचे विणायचे आणि आत्याच्या सासऱ्यांनी हा तिथूनच आणलेला. जयविलास महालातल्या दरबार हॉलचा तो अवाढव्य गालिचाही जेलातल्या कैद्यांनीच विणलेला, बारा वर्षं लागली असं सांगतात, तर ही परंपरा आपल्याच गावची आहे. 2023 मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी ओळख, मिळाला तेव्हा आत्याने पेपरातली बातमी कापून ठेवली होती.

तर दिवाण उचलला. आधी वाटलं कुणीतरी खाली रवा सांडलाय. तसाच बारीक, दाणेदार, पण लालसर. वाकून बघितलं तर त्यात पांढऱ्या जाळीच्या नळ्या, भाताच्या शितापेक्षा बारीक, एकीतून अळीचं तपकिरी डोकं बाहेर आलेलं. मी तळवा फिरवला तर लोकर झुबक्या झुबक्यांनी हातात आली आणि खाली नुसता पांढरा सुताचा सांगाडा, ओळीने उभा, पापलेटच्या काट्यासारखा. जवळजवळ दोन वीत लांब आणि एक वीत रुंद असा पट्टा पूर्ण उघडा, आणि आजूबाजूला रुपयाएवढी आठ-दहा टकलं.

आत्या उंबऱ्यावरच बसली. "अगं मी दरवर्षी डांबराच्या गोळ्या टाकत होते, कुणाला त्याच्यावर पाय ठेवू दिला नाही, काका गेल्यापासून अकरा वर्षं दिवाण हलवला नाही, म्हटलं अर्धा तरी झाकलेला राहील."

मला तिथेच कळलं की नेमकं हेच झालंय. अकरा वर्षं अंधार, अकरा वर्षं कुणी हात लावला नाही, वर दिवाणाची सावली. कसरीला याहून चांगली जागा बांधून देता आली नसती.

हे थोडं नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. कसर म्हणजे ते छोटे सोनेरी-भुरे पतंग, अर्ध्या बोटाच्या पेरापेक्षा लहान, दिव्याकडे येत नाहीत, उलट उजेड दिसला की पळतात, उडण्यापेक्षा धावतातच जास्त. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. मादी चाळीस-पन्नास अंडी लोकरीत घालते आणि खातात त्या अळ्या. लोकर, केस, पिसं, रेशीम, हे सगळं प्राण्याचं प्रथिन आहे आणि ते पचवणारे किडे फार थोडे, त्यातली ही एक. म्हणून गालिच्याची लव, म्हणजे वर उभी असलेली लोकर, गेली आणि सुताचा ताणा-बाणा, म्हणजे आतले उभे-आडवे दोरे, शाबूत राहिला, सुतात तिला खायला काही नाही. घाम, सांडलेला चहा, खाण्याचे कण लागलेली लोकर तिला जास्त आवडते. आणि डांबराच्या गोळ्यांचं म्हणाल तर त्यांचा वास बंद ट्रंकेत कोंडला तरच काम करतो, उंच छताच्या मोकळ्या बैठकीत तो कसरीपर्यंत पोचतच नाही, पोचतो आत्याच्या छातीत, तिला दमा आहे. त्या दिवशी पहिलं काम मी सगळ्या गोळ्या वेचून पिशवीत बांधून बाहेर टाकायचं केलं.

मग गालिचा पूर्ण बघायला घेतला, आणि इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगते की काहीही करायच्या आधी एक अख्खा तास फक्त बघा, उलटा करून बघा. आम्ही बघितलं तेव्हा एकाऐवजी चार दुखणी निघाली.

पहिलं कसरीचं. दुसरं खिडकीकडच्या टोकाला, तिथला लाल रंग विटकरी झालेला, कोपरा उलटला तर मागून तोच लाल डाळिंबासारखा. म्हणजे मूळ रंग काय होता ते पाठ सांगते. पश्चिमेची खिडकी, पडदा नाही, ग्वाल्हेरचं एप्रिल-मेचं ऊन रोज तीन-चार तास. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, त्याला औषध नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इराणातला अर्दबीलचा गालिचा आहे, 1539-40 सालचा, त्याच्यावर दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात, बाकी वेळ जवळजवळ अंधार. घरात एवढं कोण करणार, पण दुपारी पडदा ओढणं तर आपल्या हातात आहे ना.

तिसरं दुखणं भिंतीकडच्या कोपऱ्यात. तिथे मनी प्लँटची कुंडी असायची, ताटलीत ठेवलेली, आत्याला वाटायचं ताटली आहे म्हणजे पाणी खाली जात नाही. पण मातीची ताटली पाझरते आणि थेंबभर ओल रोज मिळाली तरी सूत खालून कुजतं, वरून काही दिसत नाही. तो कोपरा मी दोन्ही हातांनी हलकेच वाकवला आणि पापडासारखा कटकन आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. लोकर तशी चिवट, ओल थोडीफार सोसते, पण आतला सुती सांगाडा कुजला की गाठींना धरून ठेवायला काही उरत नाही.

चौथं, दशा. गालिच्याच्या दोन्ही टोकांना जे दोरे लोंबतात ते शोभेला नंतर शिवलेली झालर असते असं बऱ्याच जणांना वाटतं. हातविणीच्या गालिच्यात त्या दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, मागावर ताणलेले तेच दोरे या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि सगळ्या गाठी त्यांच्यावर बसलेल्या असतात. काका असताना एका धुलाईवाल्याने गालिचा धुऊन दिला तेव्हा दशा ब्लीचने पांढऱ्याशुभ्र केल्या आणि वर "नीटनेटक्या" म्हणून कापून अर्ध्या केल्या, आत्या तेव्हा खूश झाली होती. ब्लीचने सूत ठिसूळ झालं, दशा तुटत गेल्या, आणि आता एका बाजूने गाठींच्या ओळी स्वेटर उसवावा तशा एकेक सुटत होत्या. पाच ओळी गेल्या होत्या.

मी शाळेची पट्टी आणि भिंग घेऊन पाठीवर एका इंचातल्या गाठी मोजल्या. आडव्या दहा, उभ्या अकरा. म्हणजे चौरस इंचाला 110, आणि सहा बाय नऊ फुटांचे 7,776 चौरस इंच, गुणाकार केला तर 8,55,360. साडेआठ लाख गाठी. एक माणूस दिवसाला सहा-सात हजार गाठी मारतो असं धरलं तरी चार महिन्यांच्या वर झाले, रोज, सुट्टी न घेता. आत्याला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग काय टाकायचा नाही तो." टाकायचा विचार तिच्या मनात आला होता हे मला तेव्हा कळलं.

आता केलं काय ते सांगते, क्रमाने, कारण क्रम चुकला असता तर नुकसान वाढलं असतं.

गालिचा घरातून फरफटत नेला नाही. जागेवरच जुन्या सुती चादरीत गुंडाळला, म्हणजे अळ्या आणि अंडी वाटेत सांडणार नाहीत, आणि तिघांनी गच्चीवर नेला. तिथे काकांची जुनी सुतळीची खाट होती, तिच्यावर गालिचा पालथा टाकला, लव खाली, पाठ वर, आणि खाटेखाली वर्तमानपत्रं पसरली. मग पाठीवर हाताने हलकं थोपटत गेलो, बाळाला थोपटतात तसं. गालिचा कठड्यावर टाकून काठीने बडवायची आपल्याकडे सवय आहे, ती कृपा करून सोडा, जुना बाणा त्याने तुटतो आणि कुजलेला कोपरा तर तिथेच फाटला असता. अर्ध्या तासाने खाली बघितलं तर वर्तमानपत्रावर रांगोळीइतकी बारीक वाळू, ओंजळी भरून. ही वाळू लवेच्या मुळाशी बसते आणि वरून पाय पडला की लोकरीला कानशीसारखी घासते. गालिचा वापरून झिजतो म्हणतात त्यातला मोठा भाग ही वाळू झिजवते, म्हणून वरवर झाडून भागत नाही, पाठीकडून काढावी लागते.

मग माझा व्हॅक्युम आणला. त्याचा फिरता ब्रश काढून टाकला, नुसती चपटी नळी, खेच कमी, लवेच्या दिशेने. लवेची दिशा कळते, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं, एकीकडे मऊ लागतं आणि उलटीकडे खरखरीत. आधी पाठ, मग समोरून, मग परत पाठ, दशांच्या जवळ अजिबात नाही, त्या नळीत ओढल्या जातात. आणि प्रत्येक वेळी व्हॅक्युमची पिशवी लगेच बांधून घराबाहेर, नाहीतर अंडी पिशवीत फुटून कसर परत आपल्याच घरात.

त्यानंतर ऊन. ऑक्टोबरचं ऊन, सलग चार दिवस, सकाळी दहा ते दोन, पाठ वर करून, कारण रंग समोरच्या बाजूचा जपायचा होता. वर काळं प्लास्टिक टाकलं म्हणजे आत उष्णता साठते, मधे मधे काढून गालिचा हलवायचा, कारण अळ्या गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतात. संग्रहालयात असली वस्तू उणे वीस अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवतात, तो उपाय पक्का आहे आणि शाल, स्वेटरसाठी घरच्या डीप फ्रीझरमध्ये जमतोही, पण सहा बाय नऊचा गालिचा कुठे घालणार.

हे सगळं करून गालिचा खाली आणला, फरशी पुसली, दिवाणाच्या फटी घासल्या, आम्हाला वाटलं झालं. तीन आठवड्यांनी आत्याचा फोन, "परत पतंग दिसला."

मी खरंच रडकुंडीला आले. गालिचा उलटून पाहिला, त्यात काही नव्हतं. मग आत्याची शालींची ट्रंक उघडली, एका पश्मिन्याला दोन भोकं, पण तिथेही जिवंत अळी दिसली नाही. शेवटी आत्याचा नातू शिडी लावून झरोक्यात चढला आणि वरून ओरडला की इथे कबुतराचं जुनं घरटं आहे. खाली काढलं तर काड्या, पिसं, आणि पिसांत वळवळ. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं, की कसरीचं मूळ घर म्हणजे पक्ष्यांची घरटी, तिथली पिसं आणि केस खाऊन ती जगते आणि तिथून आपल्या लोकरीवर उतरते. झरोका बरोबर दिवाणाच्या वर. घरटं रिकामं होतं, पिल्लं नव्हती, ते काढलं, झरोका घासला, बारीक जाळी ठोकली. शाली फ्रीझरमध्ये गेल्या. आणि ऑनलाइन तो चिकट सापळा मागवला ज्यात मादीचा वास असतो, नर त्याला चिकटतात. सापळ्याने कसर संपत नाही, पण घरात आहे की नाही आणि वाढतेय की घटतेय ते कळतं. पहिल्या महिन्यात त्यात नऊ पतंग मोजले.

धुवायचा प्रश्न यात सारखा येत होता. आत्याच्या जावेचं म्हणणं, रिठ्याच्या पाण्याने अंगणात धुऊन टाका, पूर्वी तसंच करायचे. मी आधी रंग तपासला. पांढरं सुती फडकं गार पाण्यात भिजवून पिळलं आणि लाल भागावर मिनिटभर दाबून धरलं. फडक्यावर गुलाबी डाग आला. निळ्यावर काही नाही. म्हणजे लाल रंग सुटणार आणि शेजारच्या पांढऱ्या फुलांत पसरणार. शिवाय लोकर पाणी पिऊन एवढी जड होते की कुजलेला कोपरा उचलतानाच हातात आला असता. म्हणून मी ठरवलं की धुवायचा नाही, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. सहा महिने हळूहळू कोरडी सफाई केली, तेवढ्यानेच फुलं उजळली.

(इथेच एक सांगते, माझ्या स्वतःच्या घरात मेळ्यातून घेतलेला गालिचा आहे, दिसायला आत्याच्यासारखाच, पण उलटा केला तर मागे डिंकाने चिकटवलेलं कापड. तो टफ्टेड, त्यात गाठी नसतात, लोकर यंत्राच्या पिचकारीने टोचून मागून चिकटवलेली असते. भिजला की डिंक सुटतो. पाठीवर समोरच्याइतकीच स्पष्ट नक्षी दिसली आणि दशा अंगातूनच निघालेल्या दिसल्या तर तो हातविणीचा. धुवायच्या आधी एवढं तरी बघा.)

दुरुस्तीला बाड्याजवळचे, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकाजवळचे, एक म्हातारे रफूगर घरी आले, त्यांचे वडील गालिच्याच्या मागावर बसायचे. मी त्यांना कसरीचा पट्टा दाखवायला लागले तर त्यांनी तिकडे बघितलंही नाही, सरळ टोकाला जाऊन बसले. म्हणाले, "बेटी, पहले किनारा बांधो, बीच का घाव रुक जाएगा, किनारा नहीं रुकता." आणि तसंच केलं. जाड सुती दोऱ्याने शेवटच्या शाबूत ओळीला टाके घालत घालत पूर्ण सहा फूट टोक बांधून घेतलं, दोन दिवस लागले. कुजलेला कोपरा त्यांनी कापू दिला नाही, खालून धुतलेलं मऊ सुती कॅनव्हास लावलं आणि तुटके दोरे त्याच्यावर बसवले. कसरीच्या पट्ट्यात मात्र नव्या गाठी, लोकर त्यांनी जुन्या मोडक्या गालिच्यातून काढून आणलेली, कारण नव्या लोकरीचा लाल फार ताजा दिसतो. गाठ मारताना त्यांचा हात मी जवळून बघितला. दोन ताण्यांच्या मागून-पुढून लोकर घालायची, एका ताण्याला पूर्ण वेढा, दुसऱ्याच्या नुसती मागून, ओढायची, सुरीने कापायची, आणि परत. ही फारसी गाठ. तुर्की गाठ दोन्ही ताण्यांना सारखा वेढा घेते. रुपयाएवढ्या टकलांपैकी फक्त चार भरून घेतली, बाकीची तशीच ठेवली, पैसेही संपत आले होते आणि रफूगर म्हणाले ती वाढणार नाहीत.

मग जागा बदलली. दिवाण भिंतीला गेला, गालिचा मधोमध आला, पूर्ण उघडा. खाली जाड फेल्टचा थर, म्हणजे पाय पडला तरी गालिचा फरशीवर दबत नाही आणि खाली हवा राहते. खिडकीला दुपदरी पडदा. कुंडी अंगणात. आणि वर्षातून दोनदा गालिचा पूर्ण फिरवायचा, खिडकीकडचं टोक दाराकडे, तेव्हाच पाठ झाडायची. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून आत्यानेच ठरवलं, अक्षय्य तृतीया आणि दसरा. कधी गुंडाळून ठेवायचा झालाच तर घडी घालायची नाही, जाड पाइपवर लव बाहेर ठेवून गुंडाळायचा, वर सुती चादर. प्लास्टिकमध्ये बांधायचा नाही, आत ओल धरते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परीक्षा झालीच. एका काकूंच्या हातून चहा सांडला, दुधाचा, साखरेचा, बरोबर मधल्या फुलावर. तीन बायका एकदम धावल्या, एकीच्या हातात कपडे धुवायची पावडर. मी ती आधी हातातून घेतली. त्या पावडरीत प्रथिनं खाणारी एन्झाइम्स असतात, कपड्यावरचा डाग ती त्यानेच काढते, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. सुती टॉवेल दाबून चहा टिपला, घासला नाही, घासलं की डाग मुळाशी जातो आणि लव पिंजते. मग गार पाण्याचा पिळलेला बोळा, परत कोरडा टॉवेल, असं सात-आठ वेळा, लाल रंग सुटू नये म्हणून पाणी अगदी कमी. नंतर कोपरा उचलून खाली दोन वाट्या ठेवल्या आणि पंखा लावला, रात्रीपर्यंत दोन्हीकडून वाळला. डाग राहिला नाही. ज्या काकूंच्या हातून सांडला त्यांना आत्या म्हणाली, "अहो सांडू द्या हो, आता वापरायचाच आहे तो."

मला या सगळ्यात एक गोष्ट फार आठवते. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक नावाच्या ठिकाणी 1949 मध्ये एका थडग्यात गाठींचा गालिचा सापडला, अंदाजे चोवीसशे वर्षं जुना, घोडेस्वार आणि हरणं अजून ओळखू येतात. थडग्यात पाणी शिरून बर्फ झालं आणि तो त्यात गोठून राहिला. तिथे कसर नव्हती, ऊन नव्हतं, कुजणं नव्हतं. म्हणजे लोकर आणि गाठ यांची ताकद तेवढी आहे, प्रश्न बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा आहे. आपल्याकडे बर्फ नाही, आपल्याकडे माणसं आहेत जी कोपरा उचलून बघू शकतात.

या अक्षय्य तृतीयेला आम्ही चौघांनी तो पहिल्यांदा फिरवला. भरलेला पट्टा अजून शेजारच्यापेक्षा थोडा गडद दिसतो, माहीत असेल तर लगेच डोळ्यात येतो. खाली फेल्टवर आत्याची एक हेअरपिन आणि तिळगुळाचा दाणा सापडला, रव्यासारखं काही नव्हतं. सापळ्यात दोन पतंग होते. आत्याने चष्मा लावून ते स्वतः मोजले, कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत दोन लिहिलं, आणि नातवाला झरोक्याची जाळी बघायला परत शिडीवर चढवलं.